उलटे वेढे

संग्रहालयाच्या दारावर धाकटीचा फोटो लागला त्या दिवशी मी काचा पुसल्या नाहीत. म्हटलं, असू दे धूळ. ज्यांना तिचं तोंड एवढं मोठं करून बघायची हौस आहे, त्यांनी ते धुळीतून बघावं.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, माझ्या दिराची बायको. फोटो चांगला दारापेक्षा रुंद. मांडीवर अर्धी विणलेली टोपली, मान जराशी कललेली, आणि चेहऱ्यावर असा भाव की सगळं बेट हिच्याच आधारावर तरंगतंय. खाली ठळक अक्षरं: ‘बेटावरची शेवटची विणकर’. शेवटची! मग मी काय मागच्या भरतीला वाहून गेले होते?

मास्तर शिडीवर चढले होते. हे आमच्या शाळेचे मास्तर. शाळेत मुलंच उरली नाहीत तेव्हा त्यांनी धक्क्यावरचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना मागून घेतला आणि त्यात हे संग्रहालय थाटलं. माणूस देवासारखा, पण कुणाचं कौतुक करायचं ते कळत नाही.

"सरळ आहे का बघा हो," ते वरून म्हणाले.

"डावीकडे जरा खाली घ्या," मी म्हटलं.

फोटो सरळच होता. मी तो तिरका करून घेतला. तेवढंच मनाला बरं वाटलं.

मी तिथे तिकिटं फाडते. पेट्यांच्या आणि कपाटांच्या किल्ल्याही माझ्याकडेच असतात. सकाळची लाँच धक्क्याला लागली की दार उघडायचं, लाँच परत गेली की लावायचं. पहिल्या खोलीत जुनी वल्ही, कंदील, तराजू, बर्फाच्या लाद्या ओढायचे आकडे. दुसरीत एक मोठी फळी आहे आणि तिच्यावर खिळ्यांना लावलेल्या नुसत्या किल्ल्या. बेट सोडून पलीकडच्या किनाऱ्यावर राहायला गेलेल्यांनी घराला कुलूप घालून मास्तरांच्या हातात दिलेल्या. बडबड करत आलेली माणसं त्या फळीपुढे गप्प होतात. मग तिसऱ्या खोलीत येतात, आणि तिथे मधोमध, काचेच्या पेटीत, एक टोपली ठेवलेली आहे. खेकडे धरायची. तिच्यावर मास्तरांनी वेगळा दिवा सोडलाय. कार्डावर आमच्या सासूबाईंचं नाव, आणि खाली लिहिलंय, ‘त्यांच्या हातची सर्वांत सुबक टोपली.’

"काय हात असेल हो बाईचा!" लोक म्हणतात. "आता असं काम व्हायचं नाही."

मी शेजारीच उभी असते. काचेला हात लावू नका, एवढंच म्हणते.

ती टोपली माझी आहे.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग सांगायचं की चार लोकांत. सांगणं इतकं सोपं असतं तर मी एवढी वर्षं आतल्या आत धुमसत कशाला बसले असते? आधी ती टोपली काय असते ते ऐका.

खेकड्याच्या टोपलीचं पोट कुणालाही विणता येतं. वेत भिजवला, चिरला, काड्यांवर आडवा घालत गेलं की झालं. खरी करामत तिच्या गळ्यात. तोंडापाशी बारीक काड्या आतल्या बाजूला निमुळत्या लावायच्या, म्हणजे खेकडा आमिषाच्या वासानं आत घुसतो, पण बाहेर यायला गेला की काड्यांची टोकं त्याला टोचतात. त्या काड्या वेताच्या पातळ पट्टीनं काठाला बांधायच्या, वेढ्याला वेढा लावून. आणि शेवटी पट्टीचं टोक आतल्या आत असं दडवायचं की पाण्यात फुगून ते आणखी घट्ट व्हावं. ते टोक चुकलं की सगळा गळा पाण्यात उकलतो, आणि खेकडे आमिष खाऊन, ढेकर देऊन घरी जातात.

आमच्या सासूबाईंच्या टोपलीतून खेकडा सुटला असं कुणी कधी ऐकलं नाही. शेजारच्या बेटांवरून होड्या यायच्या टोपल्या न्यायला. पण गळा बांधायची वेळ आली की बाई खोलीत जायची आणि आतून कडी लावायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी या घरात आले तेव्हा माझे हात रिकामे नव्हते. माहेरी मी जाळी दुरुस्त करत होते, भावांपेक्षा भरभर. पहिल्याच आठवड्यात मी एका टोपलीचं पोट विणून सासूबाईंपुढे ठेवलं. त्यांनी ते फिरवून फिरवून बघितलं, बोटानं दाबून बघितलं, आणि म्हणाल्या, "पोटं विणत जा तू." बस. त्यानंतर मी वर्षानुवर्षं पोटंच विणली. मी विणायची, त्या उचलून आत न्यायच्या, कडी लागायची. मला वाटायचं, आज नाही तर उद्या बोलावतील. थोरली आहे मी, मला नाही तर कुणाला?

मग धाकटी आली. तिला वेत धड चिरता येत नव्हता. दर खेपेला बोट कापून घ्यायची आणि सगळ्या घराला दाखवत फिरायची. आणि एक दिवस सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "धाकटे, वेत घेऊन आत ये."

दोघी आत गेल्या. कडी लागली. मी अंगणात काड्या निवडत होते. भर अंगणात कुणी कानाखाली वाजवावी तसं झालं मला.

त्यानंतर रोज दुपारी तेच. धाकटी बाहेर यायची तेव्हा तिचे डोळे लाल असायचे. मी म्हणायची, बघा, एवढं सोनं हातात येतंय आणि ही रडतेय. मी असते तर हसत शिकले असते. रागानं मी घरात भांडी आपटायला लागले. नवरा लाँच चालवतो, त्याला घरातलं वारं लवकर कळत नाही. पण त्यालाही कळलं. म्हणाला, "अगं, खेकड्यांची टोपली ती. राज्य का गेलंय तुझं?" राज्यच गेलं होतं माझं. त्याला काय कळणार!

मग मी मनाशी ठरवलं. होडीच्या छपराखाली सासूबाईंची एक जुनी, तळ गेलेली टोपली पडली होती. दुपारी त्या दोघी कडी लावून बसल्या की मी तिकडे जायची आणि ती टोपली सोडायला बसायची. एकेक वेढा सोडायचा, कसा होता ते बोटांना सांगायचं, परत बांधायचा. बांधला की पुन्हा सोडायचा. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून सोडूनच शिकले. आणि त्यातच एक गंमत झाली. सोडायला मी जिथून सुरुवात करायची तिथूनच बांधायलाही करत गेले. त्यामुळे सासूबाईंचे वेढे डावीकडून उजवीकडे जायचे आणि माझे उजवीकडून डावीकडे. लक्षात आलं तेव्हा हाताला तेच वळण पडलं होतं. खेकड्याला काय, डावं-उजवं सारखंच.

अशी मी एक टोपली पूर्ण केली. जीव ओतून केली. आणि मग दाखवू कुणाला? चोरून शिकलीस म्हणून सासूबाई घराबाहेर काढतील असं वाटलं. माळ्यावर त्यांच्या जुन्या टोपल्यांचा ढीग होता, त्यात ठेवून दिली.

पुढे तारेचे पिंजरे आले, प्लास्टिकचे आले, वेताला कुणी विचारीना. सासूबाई म्हाताऱ्या झाल्या, ओसरीवर खुर्चीत बसून असायच्या. त्याच सुमाराला मास्तर संग्रहालयासाठी वस्तू मागत दारोदार फिरत होते. आमच्याकडे आले, माळ्यावर चढले, दोन-तीन टोपल्या खाली आणल्या आणि त्यातली एक हातात धरून डोळे मोठे करून म्हणाले, "ही! ही तर कमाल आहे!"

ती माझी होती. मी चहाचे कप घेऊन दारात उभी.

सासूबाईंनी टोपली मांडीवर घेतली. बोट आत घातलं, गळ्याभोवती सावकाश फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा. मग मास्तरांकडे बघून म्हणाल्या, "माझीच आहे."

मला वाटलं, बाईचे डोळे गेले, बोटं गेली. स्वतःचं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं तेही कळेना झालं. मी गप्प बसले. आतून थोडी हसलेसुद्धा. पण काही महिन्यांनी त्या गेल्या, टोपली पेटीत बसली, तिच्यावर दिवा लागला, आणि लोक ‘काय हात असेल बाईचा’ म्हणायला लागले, तेव्हा माझं हसू आटलं. मेलेल्या माणसावर जळायचं म्हणजे फार वाईट. जिवंत माणसाशी निदान भांडता तरी येतं.

आणि जिवंत होती ती धाकटी. मास्तरांनी तिला शनिवार-रविवार संग्रहालयात बसवलं. ही फुलं ठेवायच्या छोट्या टोपल्या विणायची, लोक फोटो काढायचे. त्या टोपल्यांना गळा नसतो, नुसती पोटं. जे काम मी वर्षानुवर्षं अंगणात बसून केलं, तेच ही दिव्याखाली बसून करायची, आणि टाळ्या घ्यायची. आयत्या बिळावर नागोबा.

तर आता पेटीची ती मोठी खोली नव्यानं रंगवून झाली होती आणि पलीकडून पाहुणे येणार होते. मास्तरांनी बेत केला: पाहुण्यांसमोर धाकटीनं खेकड्याची पूर्ण टोपली करून दाखवायची. गळ्यासकट. म्हणूनच दारावर तिचा तो फोटो. पुढे ती टोपली सासूबाईंच्या टोपलीशेजारी पेटीत बसणार. सासू आणि सून. आणि त्या दोघींच्या काचा पुसायला मी.

फोटो लागला त्याच दुपारी धाकटी माझ्या टेबलापाशी आली. "ताई, पेटीची किल्ली द्याल जरा?"

"कशाला?"

"आईंची टोपली एकदा हातात घेऊन बघायची होती."

"काचेतून दिसत नाही का?"

"दिसते तशी." ती घुटमळली. "आतून बघायची होती."

"आतलं तर तुला दार लावून शिकवलंय," मी म्हटलं. "आता आणखी काय बघायचं राहिलंय?"

ती गेली. दुसऱ्या दिवशी परत आली, परत तेच. मी म्हटलं, मास्तरांना विचार. तिनं मास्तरांना विचारलं नाही, म्हणजे दाल में काला होताच. मला वाटलं, ही पेटीतली टोपली मागे सरकवणार, कोपऱ्यात लावणार, म्हणजे हिची पुढे दिसेल. त्यानंतर लाँच गेल्यावर, मी केर काढत असताना, ती पेटीपुढे उभी दिसायची. काचेला नाक लावून. आणि हात खाली, बोटं हवेतच हलतायत. मी मनात म्हणायची, आत्तापासूनच टाळ्या मोजतेय बया.

घरी नवऱ्याला म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. किल्ली हवी म्हणे."

"मग देऊन टाक ना किल्ली."

"मी काय वेडी आहे?"

"नाही," तो म्हणाला. "पण हल्ली तू तिकीट अशी फाडतेस की समोरच्या माणसाला वाटतं आपलाच कान हातात आला."

पाहुणे आले त्या दिवशी समुद्र शांत होता. लाँच भरून माणसं. मोठ्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या, कॅमेरेवाले भिंतीला टेकून, मास्तर नव्या सदऱ्यात. टोपलीचं पोट धाकटीनं आधीच विणून आणलं होतं, काड्या छिलून ठेवल्या होत्या. ती पाटावर बसली. बरोबर तिच्या मागे पेटी, आणि पेटीत माझी टोपली. मी तिकिटांचं टेबल तसंच टाकून दारात येऊन उभी राहिले. म्हटलं, बघू तरी. इतकी वर्षं त्या कडीमागे काय चालायचं, ते आज उघड्यावर बघू.

तिनं काड्या लावल्या. पट्टी ओली करून हातात घेतली. पहिला वेढा घातला, दुसरा घातला. तिसऱ्याला मी मान पुढे काढून बघितलं.

वेढे उजवीकडून डावीकडे चालले होते.

मी डोळे चोळले, परत बघितलं. उजवीकडून डावीकडे. सासूबाईंनी आयुष्यभर कधी तसं बांधलं नाही, या बेटावर कुणीच बांधलं नाही. तसं बांधणारं एकच माणूस होतं, आणि तसे वेढे असलेली जगात एकच टोपली होती. ती तिच्या पाठीमागे दिव्याखाली बसली होती.

हे सासूबाईंनी शिकवलेलं नव्हतंच. ही माझ्याकडून शिकली होती, काचेतून.

शेवटचा वेढा झाला आणि तिचे हात थांबले. पट्टीचं टोक बोटांत धरून ती बसली. एका काडीखाली घातलं, काढलं. दुसरीखाली घातलं, काढलं. मास्तर हसत होते. त्यांना वाटलं, बाई रंगात आलीय. मला कळलं. टोक आतल्या अंगाला जातं, ते काचेतून दिसत नाही. म्हणून किल्ली हवी होती तिला. कुणीतरी खोकलं. एक खुर्ची वाजली. धाकटीनं मान वर केली आणि माणसांमधून थेट माझ्याकडे बघितलं.

मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं दारात उभं राहायचं होतं. एवढ्या वर्षांचं सगळं आपोआप फिटणार होतं, पाहुण्यांसमोर, कॅमेऱ्यांसमोर, बाहेर तिचा तो भलामोठा फोटो झळकत असताना. खोटं कशाला सांगू, मला गोड वाटलं. घटकाभर फार गोड वाटलं.

पण ते वेढे माझे होते. तिच्या हातचे असले तरी माझे होते. ते सगळ्यांसमोर उकलून खाली पडले असते तर ते मला बघवलं नसतं. मी पुढे झाले.

"आमच्या घरात शेवटचं टोक चारचौघांत दडवत नाहीत," मी मोठ्यानं म्हटलं. "दार लावून दडवतात. चल गं."

पाहुण्यांमध्ये कुजबुज झाली. "अरे वा!" कुणीतरी म्हणालं. मास्तरांनी लगेच खिशातून पेन काढलं.

कारखान्यात जिथे पूर्वी बर्फाच्या लाद्या ठेवत, ती मागची खोली आता अडगळीची आहे. भिंती जाड, भुसा भरलेल्या; दार लावलं की बाहेरचा आवाज आत येत नाही. मी दार लावलं. धाकटी टोपली पोटाशी धरून एका खोक्यावर बसली.

"कुठं शिकलीस हे?"

"आईंनी..."

"आईंचं नाव घेऊ नकोस. आईंचे वेढे कसे जायचे ते मला माहितेय."

"काचेतून," ती म्हणाली. "बघून बघून. टोक तेवढं दिसत नाही."

"मग तेव्हा रोज कडी लावून दोघी करत काय होतात?"

"काही नाही." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आईंची बोटं तेव्हाच वळत नव्हती, ताई. पट्टी धरायच्या, सुटायची. परत धरायच्या, परत सुटायची. दिवसाकाठी एखादा गळा कसाबसा व्हायचा. मग रडायच्या. मलाही रडू यायचं. मला म्हणायच्या, बाहेर जाऊन सांग, शिकतेय म्हणून."

मी एका फुटक्या वल्ह्याला धरून उभी होते. खरं तर गप्प बसायला हवं होतं, पण इतकी वर्षं मनात कोंडलेलं बाहेर आलंच, आणि तेही लहान मुलीसारखं. "मग मला का नाही बोलावलं? तुलाच का?"

"मी म्हटलं होतं त्यांना. ताईंना दाखवा, त्यांना लगेच जमेल. तर म्हणाल्या, तेच तर. तिनं एकदा बघितलं की तिला येईल. मग मला या घरात कोण विचारील?" धाकटीनं टोपली मांडीवर ठेवली. "मला दहादा दाखवलं तरी येणार नाही हे ठाऊक होतं त्यांना. म्हणून मला बोलावलं."

मला बसावंसं वाटलं, पण खोका एकच होता. तिनं सरकून जागा केली. मी बसले.

"ती पेटीतली टोपली..." मी सुरुवात केली.

"तुमची आहे. माहितेय."

"तुला कुणी सांगितलं?"

"आईंनीच. मास्तर गेले, तुम्ही कप विसळायला आत गेलात. माझा हात धरून म्हणाल्या, थोरलीची आहे ती. उलटी बांधलीय, पण माझ्या हातून जन्मात अशी झाली नाही. आणि म्हणाल्या, तिला सांगशील तर माझी शपथ आहे."

"आणि तू पाळलीस."

"शपथेचं काय घेऊन बसलात!" धाकटी पहिल्यांदाच चिडून बोलली. "मलाच सांगायचं नव्हतं. तुम्ही एक मोडकी टोपली सोडून शिकलात. मी एवढी वर्षं त्या पेटीपुढे उभी राहते, तरी मला टोक सापडत नाही. लोक माझा फोटो काढतात आणि माझ्या पाठीमागे तुमचं काम असतं. तुम्हाला काय वाटतं ताई, जळायला तुम्हाला एकटीलाच येतं?"

मी तिच्या मांडीवरची टोपली ओढून घेतली. वेढे बरे होते. फार काही नव्हते, पण बरे होते. मी पट्टीचं टोक ओलं केलं, अंगठा आत घातला, काड्या चाचपल्या. हाताला सगळं आठवत होतं.

"आईही अश्शाच बसायच्या," धाकटी मागून म्हणाली.

"कशा?"

"पाठ करून. मला दिसू नये म्हणून."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी कधी वळले होते ते मलाच कळलं नव्हतं. खोक्यावर आम्ही दोघी एकमेकींना चिकटून बसलो होतो, आणि माझी पाठ तिच्याकडे होती. खांदे पुढे, कोपर अंगाशी, टोपली पोटाजवळ. सासूबाईंना मी कधी त्या कडीमागे बघितलं नव्हतं. आता बघायची गरजही नव्हती.

मी परत वळले. "इकडे बघ," म्हटलं. "एकदाच दाखवीन."

एकदा दाखवलं. तिला आलं नाही. टोक काढलं, परत दाखवलं. तिनं भलत्याच काडीखाली घातलं. "अगं, डोळे आहेत की बटणं?" मी ओरडले. बाहेरून मास्तर दार वाजवत असावेत, दार हलत होतं. हलू दिलं. ती हसायला लागली, मग मीही. कितव्या वेळेला कोण जाणे, टोक आत गेलं आणि तिनं ओढलं तसं ते घट्ट बसलं. तिनं ते बोटानं दाबून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. आता हे एकट्या माझं राहिलं नव्हतं.

ती टोपली घेऊन बाहेर गेली. जाड भिंतींमधूनही टाळ्या ऐकू आल्या.

त्या टोपलीला आता माझ्या टोपलीशेजारी जागा मिळाली आहे. मास्तरांनी नवं कार्ड लावलंय: ‘या घराण्याची जुनी रीत अशी की शेवटचं टोक नेहमी बंद दाराआड दडवलं जातं.’ लोक ते दोनदा वाचतात आणि माना डोलावतात. एका बाईनं आधी कसब झाकायला आणि मग बोटं वळेनाशी झाली ते झाकायला लावलेली कडी, तिची रीत झाली. मी होऊ दिली.

धाकटी मात्र हटून बसली होती. "मी सांगते मास्तरांना. जुन्या कार्डावरचं नाव बदलायला पाहिजे. तुमचं घालायला पाहिजे."

"खबरदार," मी म्हटलं.

"का पण?"

तिला कसं समजावणार? त्या घरात मी इतकी वर्षं राबले. माझ्या एका कामाला सासूबाईंनी तोंडभरून सोडा, अर्ध्या तोंडानंही कधी बरं म्हटलं नाही. एकाच गोष्टीवर त्यांनी सावकाश बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा, आणि म्हणाल्या, माझीच आहे. ते कार्ड मी बदलू देईन होय?

काचा मी आता रोज पुसते, दोन्ही टोपल्यांच्या. दारावरचा फोटो मात्र अजून तिरकाच आहे. धाकटी येता-जाता त्याच्याकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते. मी तिकिटं फाडत असते.